दाद कोणत्या दारी? दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, १८८४ ते १८८८

२१ सप्टेंबर १८८५. मुंबई उच्च न्यायालय. दादाजी भिकाजी या तरुणाने आपली पत्नी रखमाबाई हिच्याविरुद्ध लावलेला दावा न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांच्यापुढे चालू होता. वादीची बाजू मांडून झाली आणि प्रतिवादीचा पुरावा ऐकण्यासाठी न थांबताच पिन्हींनी दावा फेटाळला. वर, खर्चही वादीवर बसवला.

रखमाबाईंची गोष्ट मराठी वाचकांना अनोळखी नाही. त्यांच्यावर चरित्र आहे, चित्रपट आहे. बालविवाहाविरुद्ध उभी राहिलेली स्त्री आणि पुढे डॉक्टर म्हणून रुग्णसेवा करणारी स्त्री, अशा दोन रूपांत ती सांगितली जाते. परंतु दाव्याच्या कागदांवर जो प्रश्न होता तो वरवर पाहता बराच कोरडा होता. पत्नी नांदायला येत नसेल तर नवऱ्याने दाद मागायची ती कोणती? आणि दादाजींनी जी दाद मागितली, ती या देशाच्या कायद्यात मुळात होती का? हा थ्रेड त्या प्रश्नाचा आहे, कारण सगळे वादळ उठले ते त्याच्या उत्तरावरून.

आधी माणसे. रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. कुटुंब सुतार समाजातले. त्यांच्यात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि त्यापूर्वी पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नावे केली. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोघेच भारतीय होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे हे.

अशा घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षी झालेच. वर दादाजी, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, वय एकोणीस-वीस. त्याने सासरी राहावे, शिकावे, मार्गी लागावे आणि मग संसार सुरू व्हावा, असे ठरले होते. दादाजी शिकला नाही. तो आपल्या मामाकडे राहू लागला. इकडे अल्पवयात संसार सुरू करण्यास सखाराम अर्जुनांचा वैद्य म्हणून विरोध होता. मुलगी सावत्र वडिलांच्या घरी पुस्तकांत वाढली. वर्षे लोटली. नवराबायको एका छपराखाली कधी राहिलेच नाहीत.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने बोलावणे धाडले आणि नकार आल्यावर सॉलिसिटरमार्फत नोटीस दिली. नकाराची कारणे रखमाबाईंनी पुढे न्यायालयातही मांडली. त्याची मिळकत घर चालवण्याजोगी नाही, त्याची प्रकृती धड नाही, ज्याच्या आश्रयाला तो राहतो त्या माणसाच्या घरात जाणे त्यांना मान्य नाही आणि हे लग्न त्या अजाण असताना, त्यांच्या संमतीवाचून लावले गेले. शेवटचे कारण त्या काळी कायद्याचे कारण मानलेच जात नव्हते. हिंदू विवाहात वधूच्या संमतीला स्थान नव्हते. दान देणाऱ्याची संमती पुरेशी होती.

दादाजीपुढे वाटा किती होत्या? पहिली जुनीच होती, जातीची. जातपंचायत समजूत घालू शके, दंड करू शके, वाळीत टाकू शके. दुसरी फौजदारी. भारतीय दंड संहितेत दुसऱ्याची पत्नी फूस लावून नेणे अथवा अडकवून ठेवणे हा गुन्हा होता, पण त्यासाठी अनैतिक संबंधाचा हेतू सिद्ध करावा लागे. आईच्या घरी राहणाऱ्या मुलीबाबत ते अशक्य. तिसरी वाट दिवाणी न्यायालयाची. दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा, म्हणजे साध्या भाषेत पत्नीला नांदायला पाठवण्याचा हुकूम मिळवणे. दादाजीने ही तिसरी वाट धरली. यामागे तत्त्व कितपत होते आणि रखमाबाईंच्या नावावरची मिळकत कितपत होती, यावर तेव्हाही वाद झाला. एक मात्र खरे की पंचायतीच्या हाती नसलेली एक गोष्ट या वाटेवर होती. तुरुंग.

रखमाबाईंपुढे वाटा किती होत्या, हा प्रश्न विचारला की उत्तर फार लवकर संपते. शास्त्रोक्त हिंदू कायद्यात काडीमोड नव्हता. काही जातींत तो रूढीने चाले, पण न्यायालयात जाऊन लग्न मोडून मागण्याचा मार्ग त्यांच्यासाठी खुला नव्हता. त्या फक्त प्रतिवादी होऊ शकत होत्या. समोरचा कोणते शस्त्र उचलतो याची वाट पाहायची आणि ते शस्त्रच चालणार नाही असे म्हणायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. त्यांच्या वकिलांनी तेच केले.

आता त्या शस्त्राचा इतिहास, कारण या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट तिथे आहे.

हा दावा ना मनूचा, ना याज्ञवल्क्याचा. तो इंग्लंडच्या चर्चचा. तिथे विवाहाचे सारे तंटे धर्मन्यायालयांकडे असत. घटस्फोट चर्चला मान्य नसल्याने पती वा पत्नी घर सोडून गेल्यास उरणारा उपाय एकच होता: गेलेल्याला परत येण्याची आज्ञा करणे. आज्ञा मोडणाऱ्याला चर्चमधून बहिष्कृत केले जाई. १८१३ च्या कायद्याने बहिष्काराची जागा कैदेने घेतली. मुदत जास्तीत जास्त सहा महिने. हा आकडा लक्षात ठेवावा. १८५७ मध्ये हे दावे चर्चकडून काढून नव्या दिवाणी न्यायालयाकडे सोपवले गेले, पण दाव्याचे अंतरंग तेच राहिले.

हिंदुस्थानात तो आला कसा? मुंबईच्या जुन्या सुप्रीम कोर्टाला एक धर्मशाखाही होती. अर्देशिर कर्सेटजी विरुद्ध पेरोजबाई या पारशी दांपत्याच्या वादात प्रश्न निघाला की ख्रिस्ती धर्मन्यायालयाचा हा उपाय पारश्यांना लागू करता येईल का. १८५६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने नाही म्हटले. चर्चच्या कायद्यावर उभी असलेली दाद बिगरख्रिस्ती पक्षकारांना देता येणार नव्हती. मात्र जाता जाता एक दार किलकिले ठेवले गेले. दिवाणी शाखेत अशा पक्षकारांना काही उपाय मिळू शकेल, असे सूचित झाले. १८६७ मध्ये बंगालमधून गेलेल्या मुन्शी बझलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम या प्रकरणात ते दार सताड उघडले. मुसलमान पतीला दिवाणी न्यायालयात असा दावा लावता येतो, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. पाठोपाठ हिंदूही आत आले. १८७६ च्या यमुनाबाई विरुद्ध नारायण मोरेश्वर पेंडसे या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हिंदू पतीचा दावा ऐकून घेतला होता.

म्हणजे हिंदूंना हा हक्क देणारा कायदा विधिमंडळाने कधी केलाच नव्हता. एका निकालाच्या खांद्यावर दुसरा निकाल, असा तो चढत आला. गंमत अशी की हक्क कोठून आला हे कोणत्याच कायद्यात लिहिलेले नव्हते, पण हुकूम मोडला तर काय करायचे हे मात्र छापील होते. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २६० नुसार असा हुकूमनामा न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येई, त्याला कैद करता येई किंवा दोन्ही करता येई.

पिन्हींनी बोट ठेवले ते नेमके इथे. आपण हिंदुस्थानात आलो तेव्हा कितीतरी वर्षे असे दावे घेतलेच जात नसत, अशी आठवण त्यांनी निकालात नोंदवली. जुने सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत एकत्र होऊन उच्च न्यायालय झाले, त्यानंतर ही प्रथा पडली. हिंदू कायद्यात तिला आधार नाही, ती इंग्लंडमधल्या विशिष्ट परिस्थितीतून उपजली आणि इथे आणून लावली गेली. तिथल्या कायद्यातही हा दावा ‘पुनः’स्थापनेचा आहे, म्हणजे आधी एकत्र नांदून मग दुरावलेल्यांचा. इथे पती-पत्नी कधी एकत्र राहिलेच नाहीत. जे स्थापनच झाले नाही, त्याची पुनःस्थापना कसली? एका तरुण स्त्रीला तिला नकोशा असलेल्या पुरुषाकडे, तिच्या इच्छेविरुद्ध सहवासासाठी पाठवणे हे रानटी, क्रूर आणि किळसवाणे कृत्य ठरेल, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत म्हटले. इंग्लंडमधली ही दाद पूर्ण बंधनकारक असती तर ती द्यावी लागली असती; ती नाही याचे समाधानही त्यांनी लपवले नाही.

भावनेचा हा भाग पुढे सगळीकडे उद्धृत झाला. पण निकालाचा कणा तांत्रिक होता. लग्न वैध की अवैध, यावर पिन्ही काही बोललेच नाहीत. त्यांचे म्हणणे इतकेच होते की नवऱ्याचा हक्क असेल किंवा नसेल, पण तो बजावण्यासाठी त्याने निवडलेले हे साधन या परिस्थितीसाठी नाही.

निकालाच्या त्याच दिवसांत रखमाबाई आणखी एका ठिकाणी बोलत होत्या. ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरात पत्रे छापून आली होती. विषय होते बालविवाह आणि लादलेले वैधव्य. आदल्याच वर्षी बेहरामजी मलबारींनी याच विषयांवर आपली टिपणे प्रसिद्ध करून वाद पेटवला होता. सखाराम अर्जुन एप्रिल १८८५ मध्ये निवर्तले, त्यामुळे ऐन दाव्यात घरातला मोठा आधार नाहीसा झालेला होता.

पिन्हींचा निकाल येताच दोन तट पडले. मलबारी, न्यायमूर्ती रानडे, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे रखमाबाईंच्या बाजूला होते, तर पुण्याचे ‘मराठा’ पत्र आणि टिळक विरुद्ध बाजूला. इंग्रज न्यायाधीशाने हिंदूंच्या विवाहसंस्थेत हात घातला, असा आक्षेप घेतला गेला. या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. परक्यांनी आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये असे म्हणणारे ज्या उपायाची पाठराखण करीत होते, तो स्वतःच परक्यांच्या चर्चमधून आलेला होता. आणि तो इथला नाही असे म्हणणारा न्यायाधीश मात्र इंग्रज होता. अर्थात विरोधकांचा युक्तिवाद अगदी पोकळ नव्हता. पत्नीने पतीगृही राहणे हे हिंदू शास्त्रानुसार कर्तव्य आहे आणि कर्तव्य पाळायला लावणे हे राजाचे काम आहे; मग ते कोणत्या नावाच्या दाव्याने करवून घेतले याला महत्त्व काय, असे त्यांचे म्हणणे होते.

अपिलात हेच म्हणणे टिकले. २ एप्रिल १८८६ रोजी मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. हिंदू विवाह हा संस्कार आहे. विधी पूर्ण होताच तो पूर्ण होतो, सहवास झाला की नाही याने त्यात उणेअधिक होत नाही. म्हणून स्थापना आणि पुनःस्थापना हा भेद इथे लागू पडत नाही. हिंदुस्थानातली न्यायालये असे दावे घेत आली आहेत आणि ते बंद करायचे असतील तर ते काम विधिमंडळाचे. दावा पुन्हा सुनावणीसाठी परत पाठवला गेला. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या असलेल्यांत तेलंगही होते. कट्टर शास्त्रज्ञ आणि आधुनिक वकील एकाच देहात असलेला तो माणूस.

कायद्याच्या काटेकोर नजरेने पाहता सार्जंट यांची भूमिका अधिक भक्कम होती, हे मान्य करावे लागते. दोन दशकांचे निकाल पिन्हींच्या विरोधात होते. पिन्ही मूळ प्रश्नापर्यंत गेले. सार्जंट रूढ झालेल्या उत्तरापाशी थांबले.

४ मार्च १८८७. न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे दुसरी सुनावणी झाली. आता वाव उरलाच नव्हता. रखमाबाईंनी एका महिन्यात पतीकडे नांदायला जावे, नाहीतर सहा महिने कैद. १८१३ च्या इंग्लंडमधले ते सहा महिने असे मुंबईत येऊन पोचले.

आणि इथे निवडीचा प्रश्न उलटा फिरला. तोवर दाद निवडत होता तो वादी. हुकूमनाम्याने रखमाबाईंसमोरही प्रथमच दोन वाटा ठेवल्या, आणि त्यांनी सरळ सांगितले की आपण तुरुंगात जाऊ. बावीस वर्षांच्या, घरंदाज समजल्या जाणाऱ्या स्त्रीने उच्च न्यायालयाला हे उत्तर देणे याची कल्पना ना त्या कलमाच्या लेखकांनी केली होती, ना दादाजीच्या वकिलांनी. तुरुंग हा धाक म्हणून ठेवलेला होता. तो कुणी निवडेल असा हिशेब नव्हता.

याच वेळी इंग्लंडमध्ये काय स्थिती होती? तिथे हा धाक संपलेला होता. जॉर्जिना वेल्डन या खटपटी स्त्रीने घर सोडलेल्या नवऱ्याविरुद्ध असाच हुकूमनामा मिळवला. नवरा परतायला तयार नव्हता, म्हणजे आता कैद व्हायची ती त्याला. लागलीच १८८४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून या दाव्यातली कैद रद्द केली. ज्या वर्षी दादाजीने मुंबईत नोटीस धाडली, त्याच वर्षी. मूळ देशाने टाकून दिलेले कलम वसाहतीत मात्र जिवंत राहिले.

फॅरन यांच्या हुकमानंतर प्रकरण सातासमुद्रापार गाजले. एप्रिल १८८७ मध्ये रखमाबाईंचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. मुंबईत त्यांच्या साहाय्यासाठी समिती स्थापन झाली. सरकारची अडचण उघड होती: एका सुशिक्षित स्त्रीला नवऱ्याकडे न गेल्याबद्दल तुरुंगात टाकायचे, तेही राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी.

राणी व्हिक्टोरियाने स्वतः हुकूम काढून हे लग्न मोडले, अशी गोष्ट अनेक ठिकाणी वाचायला मिळते. तसे घडले नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने खर्चापोटी २,००० रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. पुढे त्याने दुसरे लग्न केले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पुरुषाला त्यासाठी पहिले मोडावे लागत नसे. रखमाबाईंचे लग्न कोणत्याही न्यायालयाने कधी रद्द केले नाही. त्या तुरुंगात गेल्या नाहीत आणि नांदायलाही गेल्या नाहीत, आणि न्यायालयाच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला नसताना प्रकरण मिटले.

१८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांचे त्यांना प्रोत्साहन होते. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून, १८९४ साली ब्रुसेल्सची एमडी पदवी घेऊन त्या परतल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचा पोशाख धारण केल्याचे सांगितले जाते.

दाव्याचे मात्र पुढे बरेच काही झाले. १९२३ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन या हुकमासाठीची कैद गेली. मालमत्तेची जप्ती उरली. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा आला आणि त्याच्या नवव्या कलमात हा दावा जसाच्या तसा बसवला गेला. चर्चमधून निघून, निकालांच्या खांद्यावरून आलेल्या उपायाला हिंदूंच्या बाबतीत विधिमंडळाचा पहिला स्पष्ट शिक्का मिळाला तो असा, स्वतंत्र भारतात. रखमाबाई तेव्हा हयात होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदीत, त्यांचे निधन झाले. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने समूळ काढून टाकला.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता प्रकरणात कलम ९ घटनाबाह्य ठरवले. शरीरावरचा हक्क व्यक्तीचा स्वतःचा, तो हुकूमनाम्याने दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी विरुद्ध सुदर्शनकुमार चड्ढा या प्रकरणात ते कलम वैध ठरवले.

त्या प्रकरणाची हकीकत वाचताना पिन्हींची आठवण येते. नांदण्याचा दावा तिथे पत्नीने लावला होता. पतीने विरोध न करता संमतीने हुकूमनामा होऊ दिला. १९६४ च्या दुरुस्तीपासून असा हुकूम ठराविक काळ पाळला गेला नाही तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो, आणि १९७६ पासून ही मुदत एक वर्षावर आली. वर्ष उलटताच पतीने त्याच हुकमाच्या आधारे घटस्फोटाचा अर्ज केला. तो मंजूर झाला, आणि पत्नीचे सर्वोच्च न्यायालयातले अपील फेटाळले गेले.